मध्यस्थ कोणाचा?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी मनुष्य घर बांधीत असे. तयार घर विकत घेण्याचा प्रसंग थोड्यांवरच येई. आता बांधणाऱ्यांपेक्षा विकत घेणारेच अधिक झाले आहेत, पण म्हणीतला त्रास काही कमी झालेला नाही. त्याचे स्वरूप तेवढे पालटले आहे. पूर्वी गवंडी, सुतार आणि चुन्याची भट्टी यांच्यामागे धावावे लागे, आज कागदांमागे धावावे लागते. या धावपळीत एक गृहस्थ सतत आपल्याबरोबर असतो. त्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून आपण दहा घरे पाहतो, त्याच्या शब्दावर विसाराची रक्कम देतो. तो गृहस्थ नेमका कोणाचा माणूस आहे, हे विचारून घेण्याचे मात्र फारच थोड्यांना सुचते.

विषय हवेत तरंगत राहू नये म्हणून आपण एक ठिकाण निवडू. झाशीचे प्रेमनगर घ्या. रेल्वेच्या वसाहतीलगतची, नगरा आणि पुलिया नंबर नऊ या नावांच्या शेजारात वाढलेली ही वस्ती. झाशीचा रेल्वे कारखाना १८९५ सालचा. त्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी कुटुंबे या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मराठी माणसाला झाशी परकी नाही हे सांगण्याची आवश्यकता नाही. नारोशंकर आणि नेवाळकर यांच्या काळात जी घराणी तेथे गेली त्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण दुसरी एक आवक तितकी प्रसिद्ध नाही. झाशी विभाग २००३ सालापर्यंत मुंबईस मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेत होता. त्या वर्षी तो नव्या उत्तर मध्य रेल्वेत गेला. भुसावळ, नागपूर, मुंबई आणि झाशी ही तोवर एकाच रेल्वेची ठाणी होती, आणि बदलीचा हुकूम हातात घेऊन झाशीस उतरलेला मराठी नोकरदार पुष्कळदा तेथलाच होऊन जाई.

अशा एका कुटुंबाच्या जागी आपण स्वतःला कल्पावे. पुढील वर्षी आपण कारखान्यातून निवृत्त होणार आहात. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर काही महिनेच हाती राहील. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाची रक्कम मिळून जी पुंजी येईल ती आयुष्यात एकदाच येणारी आहे. मुलगा पुण्यास नोकरीला आहे. तो म्हणतो, ‘बाबा, इकडे या.’ पण आपल्या सौभाग्यवतींना शेजार सोडवत नाही, स्टेशन जवळ हवे, आणि झाशीत जेवढ्या पैशात अंगणासह घर मिळेल तेवढ्यात पुण्यास दोन खोल्याही मिळणार नाहीत, हा हिशेबही खोटा नाही. तेव्हा प्रेमनगरातच घर पाहावे असे ठरते, आणि दुसऱ्याच दिवशी ओळखीने एक मध्यस्थ दारात उभा राहतो. ‘भाईसाहब, आता बाजार मंदा आहे, घेणाऱ्याचे दिवस आहेत,’ असे तो म्हणतो.

बाजार मंदा असेल तर घेणाऱ्याचे दिवस असतात हे खरे. परंतु ते आपोआप येत नाहीत. मंदीत घरांचे काय होते हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

धान्याचा बाजार पडतो तेव्हा भाव एका आठवड्यात खाली येतो, कारण माल साठवून ठेवणे परवडत नाही. घराचे तसे नाही. घराचा मालक भाव उतरवण्यापेक्षा थांबणे पसंत करतो. ‘माझ्या शेजाऱ्याला तीन वर्षांपूर्वी इतके मिळाले’ ही आठवण त्याला सोडत नाही. म्हणून मंदीत पहिली घट होते ती सौद्यांच्या संख्येत. भाव पुष्कळ उशिरा, आणि तोही लपतछपत उतरतो. मागणीची रक्कम तीच राहते. पण विकणारा स्वयंपाकघराचे ओटे करून देतो, विसारासाठी दोन महिने अधिक देतो, किंवा तिसऱ्या बैठकीत गुपचूप खाली येतो. आपल्या देशाने गेल्या दोन दशकांत असे काळ एकाहून अधिक वेळा पाहिले. २००८ च्या जागतिक अरिष्टाचा धक्का, २०१३ नंतर मोठ्या शहरांत साचत गेलेली न विकलेली घरे, नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, सप्टेंबर २०१८ नंतर बांधकाम व्यावसायिकांना कर्ज देणाऱ्या संस्थांची झालेली कोंडी आणि २०२० ची महामारी ही त्यांची ठळक नावे. महामारीच्या वर्षी महाराष्ट्र शासनाने घरांच्या खरेदीखतांवरील मुद्रांक शुल्क १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या मुदतीत पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणले आणि पुढील तीन महिने ते तीन टक्के ठेवले, यावरून बाजार किती थिजला होता याची कल्पना येते.

सौद्यांची संख्या घटली की सर्वात आधी पोट आवळावे लागते ते मध्यस्थाला. मालक थांबू शकतो, ग्राहक थांबू शकतो. दलाली मात्र सौदा झाल्याशिवाय सुटत नाही. तेजीत महिन्याला तीन सौदे करणाऱ्याला मंदीत तीन महिन्यांत एक मिळतो. मग तो एक सौदा कसाही पार पडावा असे त्याला वाटले तर तो दुष्ट ठरत नाही. तो पोटार्थी मनुष्य आहे. याच काळात बांधकाम व्यावसायिक आपला पडून राहिलेला माल खपवण्यासाठी मध्यस्थांना नेहमीपेक्षा अधिक दलाली देऊ लागतात. तेव्हा आपण प्रेमनगरात जुने घर मागितले असताना गावाबाहेरच्या एखाद्या नव्या वसाहतीची वाट आपल्याला पुनःपुन्हा दाखवली जाऊ लागली, तर तिकडे दलाली किती आहे एवढे विचारून पाहावे.

यातला गुंता दलालीच्या गणितात आहे. बहुतेक शहरांतून मध्यस्थ दोन्ही बाजूंकडून प्रत्येकी एक ते दोन टक्के घेतो. समजा, घर चाळीस लाखांचे आहे आणि आपण एक टक्का देणार आहात, म्हणजे चाळीस हजार रुपये. आता त्याने आपल्या वतीने हुज्जत घालून किंमत तीन लाखांनी उतरवली, तर आपले तीन लाख वाचतात आणि त्याचे तीन हजार बुडतात. विकणाऱ्याकडूनही तो टक्का घेत असेल तर सहा हजार बुडतात. शिवाय हुज्जतीत सौदाच फिसकटला तर सगळेच गेले. ज्याच्या मोबदल्याची रचना अशी आहे त्याच्याकडून आपण कसून भाव करण्याची अपेक्षा धरतो, हे काहीसे विचित्रच आहे.

परदेशात काय झाले

अमेरिकेत या प्रश्नाचा निवाडा लागायला चाळीस वर्षे गेली. तेथे पूर्वी ग्राहकाला घरे दाखवत फिरणारा मध्यस्थ कायद्याच्या दृष्टीने विकणाऱ्याचाच उपप्रतिनिधी असे. तेथील संघीय व्यापार आयोगाच्या १९८३ च्या अहवालात असे आढळले की, बहुसंख्य ग्राहक त्याला आपलाच माणूस समजून आपण कुठपर्यंत जाऊ शकतो ही रक्कमही त्याच्या कानावर घालत असत. त्यानंतर केवळ खरेदीदाराची बाजू पाहणारा मध्यस्थ ही स्वतंत्र रीत तेथे रुजली. २००६ नंतर तेथील घरांचे भाव कोसळले, बँकांनी जप्त केलेली घरे बाजारात आली, तेव्हा अशा मध्यस्थाची उपयुक्तता अनेकांना पटली. कोणते घर किती दिवस पडून आहे, त्याचा भाव किती वेळा उतरवला गेला, बँक किती अधीर झाली आहे, ही माहिती ज्याच्यापाशी होती त्याने ती ग्राहकाच्या बाजूने वापरली.

तरीही त्याचा मोबदला विकणाऱ्याच्या दलालीतूनच निघत असे, आणि मेख तेथेच राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिझुरी राज्यातील एका संघीय न्यायालयात ज्यूरीने या पद्धतीविरुद्ध निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये मध्यस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१८ दशलक्ष डॉलर देऊन तडजोड मान्य केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून त्या संघटनेच्या व्यवस्थेत काम करणाऱ्या मध्यस्थाने घर दाखवण्यापूर्वीच ग्राहकाशी लेखी करार केला पाहिजे, व त्यात आपला मोबदला स्पष्ट लिहिला पाहिजे, असा नियम झाला. न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या आपल्या भाच्या-पुतण्यांना हा कागद आता पहिल्याच भेटीत पुढे येतो. आपण तो मागवू शकत नाही असे मात्र कोणी समजू नये.

आपल्याकडचा जुना कायदा

आपल्या देशात ‘ग्राहकाचा मध्यस्थ’ असा वेगळा वर्ग कायद्याने निर्माण केलेला नाही. परंतु १८७२ चा भारतीय करार कायदा आहे, आणि त्यातील प्रतिनिधीविषयीचे प्रकरण आजही वाचण्यासारखे आहे. आपण एखाद्याला आपल्या वतीने काम करण्यास नेमले की तो आपला प्रतिनिधी होतो. त्याने आपल्या सूचनेप्रमाणे वागले पाहिजे, वाजवी कौशल्य व दक्षता दाखवली पाहिजे, मागितल्यावर हिशेब दिला पाहिजे. आपल्याला न कळवता त्याने या कामात स्वतःचा व्यवहार साधला, म्हणजे घर स्वतःच्या मेहुण्याच्या नावे घेऊन आपल्याला चढ्या भावाने विकले, आणि तसे करताना महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली किंवा आपले नुकसान केले, तर कलम २१५ अन्वये तो व्यवहार नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे. कलम २१६ अन्वये त्याने असा मिळवलेला लाभ आपण मागू शकता. कलम २१९ सांगते की, वेगळे ठरले नसेल तर काम पुरे होईपर्यंत मोबदला देय होत नाही. आणि कलम २२० प्रमाणे कामात गैरवर्तन करणारा त्या भागाच्या मोबदल्याला मुकतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने आपली इतकी काळजी घेतली आहे. मात्र तो गृहस्थ आपला प्रतिनिधी होता हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर असते, आणि तोंडी बोलण्याला साक्षीदार सापडत नाहीत.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘रेरा’चे नाव येथे सर्वांना आठवेल. त्या कायद्याने मध्यस्थाला नोंदणी सक्तीची केली, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घरे विकण्यास मनाई केली, आणि आरक्षणाच्या वेळी ग्राहकाला हक्काची सर्व माहिती व कागद मिळतील असे पाहण्याचे कर्तव्य त्याच्यावर टाकले. नोंदणीविना धंदा करणाऱ्यास दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि तो विकलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. महाराष्ट्रात महारेराने आणखी पुढे जाऊन २०२३ पासून मध्यस्थांना प्रशिक्षण व परीक्षा लावली. उत्तर प्रदेशाचे प्राधिकरण लखनौस आहे, दुसरे कार्यालय ग्रेटर नोएडात आहे, आणि मध्यस्थाचा नोंदणी क्रमांक त्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या पडताळता येतो.

पण येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, आणि प्रेमनगरच्या दृष्टीने तीच मुख्य आहे. या कायद्याचा रोख नव्या प्रकल्पांवर आहे. पाचशे चौरस मीटरांपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या योजना त्याच्या नोंदणीतून सुटतात, आणि गल्लीतल्या एका जुन्या घराची एका माणसाकडून दुसऱ्याला होणारी विक्री तर त्याच्या कक्षेत येतच नाही. अशा घराचा सौदा जुळवणारा मध्यस्थ नोंदणीकृत नसला तरी त्याने कायदा मोडला असे होत नाही. म्हणजे आपण जेथे घर घेऊ पाहता तेथे नव्या कायद्याचे छत्र बहुधा नाही. जो काही आधार आहे तो १८७२ च्या कायद्याचा आणि आपण स्वतः लिहून घेतलेल्या कागदाचा.

अर्ध्या पानाचे पत्र

हा कागद फार मोठा असण्याची गरज नाही. साध्या हिंदीत, अर्ध्या पानावर, दोघांच्या सह्यांनिशी एक पत्र पुरेसे आहे. त्यात लिहावे की, अमुक हे प्रेमनगर व लगतच्या भागात घर शोधण्याच्या कामी माझ्या वतीने काम करतील. विकणाऱ्याकडून ते काही घेणार असतील तर रकमेसह मला आधी कळवतील. दाखवलेल्या घरात त्यांचा किंवा त्यांच्या नातलगांचा हितसंबंध असेल तर तो सांगतील. मुदत तीन महिन्यांची असावी, म्हणजे पटले नाही तर संबंध न बिघडता मोकळे होता येते. मोबदला टक्क्यांत न ठेवता ठराविक रकमेत ठेवावा. माझे स्वतःचे मत असे आहे की, ठराविक रकमेखेरीज एक उत्तेजनही द्यावे: आपण दोघांनी मिळून घराची जी रास्त किंमत ठरवली असेल तिच्या खाली सौदा झाला, तर वाचलेल्या रकमेतला दहावा हिस्सा त्याचा. वर घेतलेल्या उदाहरणात तीन लाख वाचले तर त्याला तीस हजार अधिक मिळतील. ज्याचे पूर्वी सहा हजार बुडत होते त्याचे आता तीस हजार वाढतात, आणि मनुष्याचा उत्साह कोणत्या बाजूला वळेल हे वेगळे सांगायला नको.

पत्र पुढे केल्यावर काही मध्यस्थ दुखावतात. ‘बाऊजी, आमच्यावर विश्वास नाही काय?’ असा प्रश्न येतो. त्याला रागाने उत्तर देऊ नये. मंदीच्या दिवसांत निश्चित मोबदल्याचे काम त्यालाही हवे असते. समजूतदार मध्यस्थ थोडा विचार करून सही करतो. जो कोणत्याही अटीवर सही करत नाही त्याच्याबरोबर घरे पाहायला हरकत नाही, फक्त आपण कुठपर्यंत जाऊ शकतो हे त्याला सांगू नये. क्वार्टर कधी सोडायचे आहे ती तारीखही त्याच्याजवळ बोलू नये. निवृत्त होणाऱ्या माणसाची घाई हीच मंदीतल्या विकणाऱ्याची सर्वात मोठी आशा असते. फारच निकड भासली तर सहा महिने भाड्याने राहावे. सहा महिन्यांचे भाडे चुकीच्या घरापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

पत्र झाल्यावर मध्यस्थाकडून कामे करवून घ्यावीत. घरे दाखवणे हे त्यातले सर्वात सोपे काम. खरे काम भावाचा शोध घेण्याचे आहे. मागणीचे आकडे कोणीही सांगेल. झालेल्या सौद्यांचे आकडे हवेत. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ अन्वये स्थावर मिळकतींच्या नोंदवह्या व त्यांच्या सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. त्याच गल्लीत किंवा शेजारच्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत झालेली चार-सहा खरेदीखते उपनिबंधकाच्या कार्यालयातून काढून आणण्यास त्याला सांगावे. कागदावरचा आकडा पुष्कळदा खऱ्या रकमेहून कमी असतो हे उघड गुपित आहे. तरी चार कागद एकत्र ठेवले की चढ-उताराची दिशा कळते. घर किती महिने विक्रीस आहे, आधी कोणी विसार देऊन परत घेतला काय, मालकाला पैसा कशासाठी हवा आहे, ही माहिती गल्लीतून काढणे हेही त्याचेच काम. त्याच्याकडून ऐकलेल्या भविष्याला मात्र फार किंमत देऊ नये. २०२३ मध्ये बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्यासाठी झाशी जिल्ह्यातील ३३ गावांची जमीन निश्चित झाली, तेव्हापासून ‘बीडा’ हा शब्द झाशीच्या प्रत्येक सौद्यात कानी पडतो. उद्योग येवोत, शहराची भरभराट होवो. पण त्या ३३ गावांबाहेरच्या गल्लीतील घराची किंमत आजच्या वापरावर ठरवावी.

एक अडचण केवळ मंदीतच उद्भवते आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. प्रत्येक भागासाठी शासन जमिनीचा किमान दर ठरवते. उत्तर प्रदेशात त्याला सर्किल रेट म्हणतात, महाराष्ट्रात रेडी रेकनर. बाजार उतरला तरी हा दर आपोआप उतरत नाही. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि या दराने येणारी किंमत यांतील जी मोठी असेल तिच्यावर भरावे लागते. समजा आपला सौदा चाळीस लाखांना ठरला, परंतु सर्किल रेटप्रमाणे घराचे मूल्य शेहेचाळीस लाख होते. उत्तर प्रदेशात शुल्क सात टक्के, म्हणजे तीन लाख बावीस हजार. नोंदणी फी २०२० पासून एक टक्का, म्हणजे शेहेचाळीस हजार. इतपत ठीक. पण आयकर कायदा म्हणतो की, शासकीय मूल्य सौद्याच्या किमतीहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर तो सबंध फरक खरेदीदाराचे उत्पन्न धरला जाईल. चाळीस लाखांचे दहा टक्के चार लाख. फरक सहा लाखांचा. तेव्हा हे सहा लाख आपल्या त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवले जातात, आणि विकणाऱ्यालाही त्याच आकड्यावर भांडवली नफ्याचा हिशेब द्यावा लागतो. स्वस्तात मिळालेल्या घरावर असा कर बसणे हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण नियम तसा आहे. यावर उपाय दोन: मुद्रांकाच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्यांकडे योग्य मूल्य ठरवून मागणे, आणि आयकराच्या बाबतीत मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करणे. जाणता मध्यस्थ सौदा ठरवण्यापूर्वीच सर्किल रेटचा हिशेब पुढे ठेवतो. अजाण मध्यस्थ नोंदणीच्या दिवशी ‘थोडा टॅक्स लागेल’ एवढेच सांगतो.

घर पत्नीच्या नावे घेण्याचा विचार अवश्य करावा. उत्तर प्रदेशात स्त्रियांना शुल्कात एक टक्का सवलत आहे. पूर्वी ती दहा लाखांच्या मालमत्तेपर्यंतच होती, जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा एक कोटीपर्यंत वाढवली. वरच्या उदाहरणात त्यामुळे शेहेचाळीस हजार वाचतात, आणि ज्या गृहिणीने चाळीस वर्षे सरकारी क्वार्टरला घर मानले तिच्या नावाची पाटी दारावर लागते. हा दुसरा लाभ हिशेबात मांडता येत नाही, म्हणून बहुधा विसरला जातो.

विसाराच्या बाबतीत महाराष्ट्रातून गेलेल्या मंडळींनी विशेष सावध असावे. उत्तर प्रदेशात १९७७ पासून विक्रीचा करारसुद्धा नोंदलेलाच असावा लागतो. साध्या कागदावरची बयान्याची पावती ही तेथे पैसे दिल्याची खूण आहे, घरावरचा हक्क नव्हे. म्हणून मध्यस्थ ‘आज पन्नास हजार टाका, नाहीतर दुसरा घेऊन जाईल’ म्हणू लागला की त्याला आठवण करून द्यावी की बाजार मंदा असल्याचे त्यानेच सांगितले होते. जी रक्कम द्यायची ती धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी; वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम घराच्या व्यवहारात रोखीने घेण्यास २०१५ पासून मनाई आहे. सौदा पन्नास लाखांचा वा अधिक असेल तर एक टक्का कर कापून सरकारात भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, हेही त्याच वेळी लिहून ठेवावे.

कागद तपासण्याचे काम मध्यस्थाचे नव्हे, वकिलाचे. आणि तो वकील मध्यस्थाने सुचवलेला नसावा. बँकेचे कर्ज घेणार असाल तर बँकेचा वकील कागद पाहतोच, तेव्हा दुसरा कशाला, असे पुष्कळ जण म्हणतात. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत काय एवढे पाहतो; आपण स्वतः घातलेल्या रकमेची चिंता त्याला नसते. झाशीत मागील बारा वर्षांच्या नोंदींच्या दाखल्याला ‘बारहसाला’ म्हणतात. तो काढलाच पाहिजे, आणि मूळ मालकी त्याहून मागे नेता आली तर अधिक चांगले. जमीन नजूल, म्हणजे सरकारी मालकीची आहे काय, हे पाहावे. रेल्वेच्या हद्दीलगत घर असेल तर रेल्वेच्या जमिनीवर त्याची एखादी खोली किंवा कुंपण गेले आहे काय, हे नकाशावरून मोजून घ्यावे. ज्या माणसाने आयुष्य रेल्वेत काढले त्याला रेल्वेचीच नोटीस यावी, यासारखी विटंबना नाही. मूळ शेतजमिनीवर वसलेली गल्ली असेल तर जमिनीचा वापर रीतसर अकृषक झालेला हवा. जुने लोक याला ‘एकशेत्रेचाळीस’ म्हणतात, कारण १९५० च्या जमीनदारी निर्मूलन कायद्यात ते कलम होते आणि नव्या राजस्व संहितेत २०१६ पासून त्याची जागा कलम ८० ने घेतली. बांधकामाचा नकाशा झाशी विकास प्राधिकरणाने मंजूर केलेला असावा. आणि कोणी मुखत्यारपत्रावर घर देऊ केले तर चहा घेऊन उठावे. मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

नव्या प्रकल्पाचा मोह झालाच, तर मंदीत तयार घर आणि अर्धवट घर यांतला फरक तेजीपेक्षा फार मोठा असतो एवढे ध्यानात ठेवावे. नोएडातील आम्रपालीच्या घरांसाठी हजारो कुटुंबांनी पैसे भरले होते. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची नोंदणी रद्द करून अपुऱ्या इमारती पूर्ण करण्याचे काम एका सरकारी बांधकाम संस्थेकडे सोपवले, तोवर कित्येकांचे भाडे आणि कर्जाचे हप्ते दोन्ही वर्षानुवर्षे चालू होते. कायद्याने लेखी व नोंदलेल्या करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. मध्यस्थ अधिक मागू लागला तर तो कोणासाठी काम करतो हे त्यावरूनच कळते.

मोबदला केव्हा द्यावा याबद्दल शेवटी दोन शब्द. सबंध रक्कम नोंदणीच्या दिवशी मागण्याची रीत आहे, आणि त्या दिवशी पेढे वाटण्याच्या आनंदात ती दिलीही जाते. परंतु खरेदीखत झाल्यावरही बरेच काही उरते: नगर निगमात दाखिल-खारिज होऊन घरपट्टीवर नवे नाव चढणे, विजेचा मीटर नावावर होणे, जुन्या मालकाची घरपट्टीची थकबाकी निघाल्यास ती त्याच्याकडून भरवणे, आणि मागच्या खोलीत राहणारा जुन्या मालकाचा भाडेकरू ‘पुढच्या महिन्यात जातो’ म्हणत असेल तर तो खरोखर जाणे. पत्रातच लिहावे की, मोबदल्याचा पाऊण हिस्सा खरेदीखताच्या दिवशी आणि उरलेला पाव हिस्सा घरपट्टीची नव्या नावाची पावती हाती आल्यावर मिळेल. ती पावती आणण्यासाठी मध्यस्थ स्वतःच नगर निगमाच्या खिडकीशी उभा राहतो असा अनेकांचा अनुभव आहे.